खेळ-संवाद : हरलेल्या मोसमाबद्दल तुमची पत्रं

गेल्या अंकात या सदरात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉईट पिस्टन्स या संघाच्या २०२३-२४ च्या मोसमाबद्दल लिहिलं होतं. ८२ सामन्यांपैकी १४ जिंकले, ६८ हरले. संघाच्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट कामगिरी, आणि त्यातले २८ पराभव ओळीने. त्यावर भरपूर पत्रं आली. बास्केटबॉलवर मराठीत एवढं कुणी लिहितं याचाच मला आनंद झाला. मी स्वतः कॉलेजच्या मुलींना बरीच वर्षं हा खेळ शिकवला. हरणाऱ्या संघाबरोबर बसमधून परत येणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून या विषयाची आस्था जरा जास्तच. जागेअभावी निवडक पत्रांनाच उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, २०२३ च्या डिसेंबरात मी लेकीकडे मिशिगनला, नोव्हायला होते. दहा वर्षांचा नातू पिस्टन्सचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचा आणि दर वेळी खट्टू होऊन उठायचा. बॉस्टनच्या सामन्यानंतर तर उशीत तोंड खुपसून रडला. जावई म्हणाले, एखादा जिंकणारा संघ धर, नाहीतर बघणं सोड. त्याने दोन्ही केलं नाही. जावयांचं अजूनही म्हणणं आहे की लहान मुलाने हरणाऱ्यांत जीव गुंतवू नये. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.
– एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, नातवाचं बरोबर होतं आणि तुमचंही बरोबर आहे.

तो सामना मीही पाहिला. अमेरिकेत २८ डिसेंबरची रात्र, आपल्याकडे २९ ची सकाळ. पिस्टन्स ओळीने २७ हरून बॉस्टनला गेले होते आणि बॉस्टन त्या मोसमात घरच्या मैदानावर एकदाही हरलं नव्हतं. असा सामना, आणि मध्यंतराला फलक काय दाखवत होता? पिस्टन्स ६६, बॉस्टन ४७! चेंडू हातोहात फिरत होता, रिबाउंडला, म्हणजे शॉट चुकून उडालेल्या चेंडूला, तिघं-तिघं उडी घेत होते. उत्तरार्धात बॉस्टनने सगळी आघाडी भरून काढली. तरी पिस्टन्स मोडले नाहीत, सामना जादा वेळेत नेला आणि १२२-१२८ ने हरले. तुमचा नातू रडला तो संघ वाईट खेळला म्हणून नव्हे. त्या रात्री संघ किती चांगला खेळला हे त्याला कळलं होतं, म्हणून रडला. दहाव्या वर्षी एवढा खेळ कळणारा मुलगा मला मिळाला असता तर मी त्याला लगेच संघात घेतलं असतं.

त्याच्या दोन दिवस आधी घरच्या मैदानावर ब्रुकलिनविरुद्ध पिस्टन्सचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमने एकट्याने ४१ गुण केले. सामना ११२-११८ ने गेला. तो ओळीने सत्ताविसावा पराभव, म्हणजे एका मोसमातला एनबीएचा नवा विक्रम. प्रेक्षक ‘संघ विका’ म्हणून मालकाच्या नावाने ओरडत होते. आणि केड, बावीस वर्षांचा पोरगा, शेवटच्या मिनिटापर्यंत चेंडू मागत होता. जिंकणाऱ्या संघात हे इतकं स्वच्छ दिसत नाही. तिथे सगळेच चेंडू मागतात.

मग ३० डिसेंबरला टोरंटोविरुद्ध १२९-१२७. केडचे ३० गुण आणि १२ असिस्ट, म्हणजे सोबत्याने ज्यावर लगेच बास्केट केला असे पास. टोरंटोने त्याच दिवशी आपले तीन खेळाडू न्यूयॉर्कला देऊन टाकले होते, त्यामुळे त्यांची बाजू लंगडी होती हे खरं. पण त्या रात्री पिस्टन्सच्या घरच्या लिटल सीझर्स अरीनातल्या लोकांना ते सांगून पाहा! जो आधीचे अठ्ठावीस सामने बघत बसला होता त्यालाच त्या दोन गुणांची किंमत कळली. ती तुमच्या नातवाला कळली, जावयांना नाही.

जावयांचा एक मुद्दा मात्र मी मानते. सामने संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होतात आणि अडीच तास चालतात. शाळेच्या दिवशी मध्यंतरापर्यंत बघायचं आणि झोपायचं. बाकीचं सकाळी दूध पिताना.

प्रश्न : एकेका खेळाडूला कोट्यवधी डॉलर मिळतात. आमच्या गल्लीतला संघसुद्धा महिन्याभरात एखादी मॅच काढतोच. अठ्ठावीस ओळीने हरायचं म्हणजे पोरांना काही पडलेलीच नव्हती, हे उघड आहे. तुम्ही त्यांची बाजू का घेता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण मी पहिल्या सामन्यात उतरलेले पाच जण पाहिले. केड कनिंगहॅम, किलियन हेज, ऑसर थॉम्प्सन, आयझेया स्टुअर्ट, जेलन ड्युरेन. यांत सगळ्यात मोठा कितीचा? बावीस. ड्युरेन तर एकोणीस. आपल्याकडे या वयाची मुलं आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळतात.

वय एक वेळ सोडा. खरी अडचण मांडणीत होती, आणि ती समजून घ्या, कारण मोसम तिथेच हरला. केड चेंडू घेऊन रिंगकडे घुसतो, हा त्याचा हुकमी खेळ. तो घुसला की समोरच्या संघाने त्याला अडवायला माणसं आत आणायची, आणि मग केडने बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या सोबत्याला पास द्यायचा. पण बाहेर उभ्या थॉम्प्सन आणि हेजच्या थ्री पॉइंटरची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, कुणालाच धास्ती नसेल तर? बचाव करणारे त्यांना खुशाल मोकळं सोडतात आणि सगळे पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या चौकोनात, येऊन थांबतात. ड्युरेन तर रिंगखालीच खेळणारा. म्हणजे केड आत शिरला की समोर माणसांची भिंत. त्यातून त्याने घाईत पास टाकायचा, तो कापला जायचा, आणि समोरचा संघ पळत जाऊन रिंगजवळून सोपा लेअप करायचा. हे एका सामन्यात पाच-सहा वेळा झालं की दहा-बारा गुण गेलेच. बाहेरून नेम धरणारा बोयान बोग्दानोविच पोटरीच्या दुखापतीने महिनाभराहून जास्त बाहेर होता, अनुभवी मॉन्टे मॉरिसही जायबंदी.

आणि हो, सुरुवात वाईट नव्हती. पहिल्या तीनपैकी दोन सामने त्यांनी जिंकले होते. ३० ऑक्टोबरला ओक्लाहोमा सिटीला हरले आणि तिथून गाडं घसरलं ते दोन महिने.

तुम्ही म्हणता त्यांना पडलेली नव्हती. मग पुढचा मोसम बघा. केड तोच, ड्युरेन, थॉम्प्सन, स्टुअर्ट तेच. २०२४ च्या उन्हाळ्यात नवे बॉस ट्रेजन लँगडन आले. त्यांनी टोबायस हॅरिस, मलिक बीझली आणि टिम हार्डवे ज्युनियर असे बाहेरून शॉट मारणारे जाणते खेळाडू आणले. प्रशिक्षक म्हणून जे. बी. बिकरस्टाफ आले. बीझलीने एका मोसमात ३१९ थ्री पॉइंटर मारले, तो पिस्टन्सचा विक्रम. केडला आत जागा मिळाली आणि त्याची सरासरी सामन्याला २६ गुण, ९ असिस्टवर गेली. संघ ४४ जिंकला, ३८ हरला. मोसमातले विजय एका वर्षात तिप्पट करणारा एनबीएच्या इतिहासातला हा पहिलाच संघ. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, न्यूयॉर्कला त्यांच्या मैदानावर हरवून प्लेऑफमधल्या सलग १५ पराभवांची मालिकाही तोडली. शेवटी ती फेरी ४-२ ने हरले, पण प्रत्येक सामना झुंजून.

बेफिकीर मुलं सहा महिन्यांत अशी बदलत नाहीत. ती आधीही जीव तोडून खेळत होती. त्यांना ज्यांनी तसं एकत्र उतरवलं त्यांची ती चूक होती, आणि ती मी त्यांच्याच पदरात घालते.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो की एनबीएत शेवटचा नंबर आला की पुढच्या वर्षी सगळ्यात चांगला नवा खेळाडू मिळतो, म्हणून हे संघ मुद्दाम हरतात. खरं आहे का?
– कॉलेज विद्यार्थी, सांगली

उत्तर : अर्धं खरं आहे. कोर्टावरचा खेळाडू मुद्दाम हरत नाही. त्याचा पुढचा करार त्याच्याच आकड्यांवर ठरतो, तो कशाला हरेल? व्यवस्थापन मात्र कधीकधी हरण्यासाठीच संघ बांधतं. फिलाडेल्फियाने २०१३ पासून व्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या काळात ते उघडपणे केलं. चांगले खेळाडू देऊन टाकायचे आणि पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क घ्यायचे. त्यांनीही ओळीने २८ सामने गमावले होते, पण ते दोन मोसमांत मिळून. २०१५-१६ मध्ये त्यांचे विजय किती? १०.

आता शेवटच्या क्रमांकाचं बक्षीस पूर्वीसारखं राहिलेलं नाही. नव्या खेळाडूंतली पहिली निवड कुणाची ते सोडतीने ठरतं, आणि २०१९ च्या बदलाने तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के संधी दिली. पिस्टन्सचंच बघा. २०२२-२३ मध्ये १७ विजय घेऊन तळाला राहिले. त्या वर्षी व्हिक्टर वेंबान्यामा हा फ्रेंच मुलगा उपलब्ध होता, तो सॅन अँटोनियोला गेला. पिस्टन्सची चिठ्ठी पाचवी निघाली. पुढच्या वर्षी पुन्हा तळाला, पुन्हा पाचवी. २०२४ ची पहिली निवड ३ टक्के संधी असलेल्या अटलांटाला मिळाली आणि २०२५ ची १.८ टक्केवाल्या डॅलसला. मुद्दाम हरून हाती काय लागतं ते तुझ्या मित्राला दाखव.

शिवाय पिस्टन्सना त्या वर्षी हरायचं नव्हतं. हरायचं असतं तर त्यांनी एवढा महागडा प्रशिक्षक आणला नसता. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

मला या सगळ्या पद्धतीचाच राग येतो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो, त्यामुळे मालकाला घाम फुटतो. एनबीएत कुणी खाली जात नाही. मालकाची जागा पक्की आणि तिकीट काढून येणारा माणूस मात्र महिनोन्‌महिने पराभव बघतो.

प्रश्न : दोन छोटे प्रश्न. संघाचं नाव डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांवरून पडलं का? आणि एवढे हरूनही प्रशिक्षकाला मध्येच का काढलं नाही?
– एक इंजिनियर, चाकण

उत्तर : नाव डेट्रॉईटला शोभतं, पण आलंय इंडियानातल्या फोर्ट वेनहून. तिथल्या फ्रेड झोलनर यांचा पिस्टन बनवायचा कारखाना होता, त्यांचा हा संघ. १९५७ मध्ये तो डेट्रॉईटला आला.

प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांच्याशी २०२३ च्या जूनमध्ये सहा वर्षांचा करार झाला होता, रक्कम सुमारे ७.८५ कोटी डॉलर. माणूस साधा नाही, फीनिक्सला एका मोसमात ६४ सामने जिंकून देऊन ते २०२२ चे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते. पहिल्याच हिवाळ्यात काढलं असतं तर एवढी रक्कम घरी बसून द्यावी लागली असती. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये काढलंच, आणि उरलेले पैसे देणं चुकलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यात कॉलेजच्या मुलींना शिकवते. यंदा आम्ही एकही सामना जिंकलो नाही. दोन मुलींनी सरावाला यायचं बंद केलं आहे. प्राचार्य म्हणतात, पुढच्या वर्षी संघच नको. पिस्टन्सबद्दल वाचून धीर आला, पण आमच्याकडे मलिक बीझली आणायला पैसे नाहीत. मी काय करू?
– एक तरुण प्रशिक्षक

उत्तर : बाळ, आधी त्या दोन मुलींच्या घरी जा. फोन करू नकोस, जा. बहुतेक वेळा कारण पराभवाचं नसतं. उशीर होतो म्हणून घरचे ओरडतात, शेवटची एसटी चुकते, बूट फाटलेले असतात. अर्ध्या तासाने सराव अलीकडे घेतला तर एखादी परत येते.

दुसरं, गुणफलक बाजूला ठेव आणि एक वही कर. बेंचवरच्या मुलीच्या हातात ती द्यायची. तिने तीनच गोष्टी मोजायच्या : आपण चेंडू किती वेळा फुकट घालवला, समोरच्यांना त्यांच्याच चुकलेल्या शॉटचा रिबाउंड किती वेळा घेऊ दिला, आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) किती चुकले. मुलींचा कॉलेजचा संघ हरतो तो बहुतेक या तीन रकान्यांत. आणि मोजणारी मुलगी नंतर स्वतः उतरली की चेंडू जपून खेळते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

चेंडू फुकट जात असेल तर सरावात अर्ध्या कोर्टावर तीन विरुद्ध तीन खेळव, ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, पूर्ण बंद. पास द्यायचा आणि पळायचं. पहिले काही दिवस गोंधळ होईल, मुली वैतागतील, तू हटू नकोस. ड्रिबल नसला की मोकळी मैत्रीण शोधावीच लागते, आणि न पळणारी लगेच उघडी पडते. रिबाउंडसाठी शॉट सुटल्यावर चेंडूकडे बघायचं नाही, आधी आपण जिला अडवतोय त्या समोरच्या मुलीला पाठ लावून तिला मागे रोखायचं. हे रोज दहा मिनिटं.

तिसरं, पाचही राखीव मुली एकदम उतरवू नकोस. विल्यम्स यांच्यावर त्या मोसमात याच गोष्टीसाठी टीका झाली होती. केड बसला की सगळी राखीव फळी मैदानात, आणि त्या चार-पाच मिनिटांत सामना हातचा जायचा. तुझ्या दोन भक्कम मुलींपैकी एक तरी नेहमी कोर्टावर असू दे.

प्राचार्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, वही घेऊन जा. पहिल्या सामन्यात पस्तीस टर्नओव्हर (फुकट घालवलेले चेंडू) आणि शेवटच्यात वीस असतील तर ती सुधारणा आहे, आणि कागदावर दिसली की नाकारणं अवघड जातं. त्यांच्याकडे संघ राखण्याबरोबर आणखी एक माग : जवळपासच्या, तुमच्याच ताकदीच्या दोन-तीन कॉलेजांशी मैत्रीचे सामने, परीक्षेच्या आधी. दर वेळी विभागातल्या बलाढ्य संघाशीच गाठ पडत असेल तर मुलींना आपण कुठे आहोत ते कळायचंच नाही.

पत्रात तू बाहेरून शॉट मारणाऱ्या मुलीबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. एक तरी आहे का? असेल तर ती किती पावलांवरून नेम धरते आणि तिला पास कोण देतं, ते लिहून पाठव. मांडणी कशी करायची ते पुढच्या अंकात आकृती काढून दाखवीन.