कागदाचं जातं आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी सेलू तालुक्यातली अंगणवाडी सेविका. मुलगी बारावी सायन्सला आहे. गॅदरिंगच्या नाटकासाठी तिनं रद्दी भिजवून जातं केलं. आमच्या सासूबाई ते सरकवायला गेल्या, तर हातात अलगद वर आलं! दळणाऱ्या मैत्रिणीला मात्र तिनं दोन दिवस घरचं खरं जातं ओढायला लावलं. आता म्हणते, नाटकाचं सामान बनवायचंच शिकायचं. असा कोर्स असतो का? यात पोट भरतं का? त्यात रात्रीच्या तालमी, मुलीची जात. काय करावं?
– एक आई, जि. परभणी

उत्तर : ताई, सासूबाई फसल्या याचं मला कौतुक आहेच, पण त्याहून जास्त कौतुक मैत्रिणीला दोन दिवस खरं जातं ओढायला लावलं त्याचं. कागदाचं जातं कितीही हुबेहूब असो, ओढणारीचा खांदा खाली गेला नाही तर प्रेक्षक ते दगडाचं मानत नाही. हे तुमच्या मुलीला कुणी न सांगता कळलं. या कामात असं कळणारी माणसं कमी असतात.

नाटकवाले याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. कंदील, पानाचा डबा, पत्र, तलवार, नटाच्या हाती येणारं सगळं. संहिता वाचून यादी करायची, निम्मं सामान घरोघरी आणि भंगारात शोधायचं, उरलेलं बनवायचं. कंदिलात रॉकेल नाही, बॅटरीचा दिवा. पत्र फाडायचं असेल तर दर प्रयोगाला नवं. थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारला तर ते विरघळून खड्डे पडतात, म्हणून आधी कागद-फेव्हिकॉलचा थर. आणि तिच्या जात्याला टाकी लावल्याच्या खुणा आहेत ना, त्या शेवटच्या रांगेतून दिसायला हव्या असतील तर जवळून भडक वाटेल इतक्या गडद रंगवाव्या लागतात.

नुसत्या प्रॉपर्टीची पदवी शोधत बसू नका. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’वाले प्रा. लक्ष्मण देशपांडे तिथंच शिकवायचे. नांदेडच्या विद्यापीठातही प्रयोगजीवी कलांचं शिक्षण मिळतं. पण तुमच्या मुलीसाठी मी आधी कला महाविद्यालय सुचवेन. तिची ओढ अभिनयाकडे नाही, वस्तूकडे आहे. चित्र, रंग, आकार यांचा पाया पक्का झाला की नाटक कुठंही शिकता येतं. संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. बीएफए, म्हणजे चित्र-शिल्पासारख्या कलांची पदवी, चार वर्षांचं, बारावीनंतर, सायन्सवाल्यांनाही चालतं. त्याची सीईटी वेगळी असते : वस्तुचित्र, स्मृतिचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली असेल तर तो हात इथं कामी येईल. पुढं तिची इच्छा टिकली तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. 1959 साली सुरू झालेली ही संस्था. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात डिझाइन हा विषय घेता येतो. पण त्याला आधी पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही.

हा अनुभव कॉलेजात असतानाच गोळा करायचा. युवक महोत्सवाच्या एकांकिका असतात, आणि राज्य नाट्य स्पर्धा तर कित्येक वर्षांपासून चालू आहे. तिथं नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला बक्षीस असतं. प्रॉपर्टी करणारीचं नाव बहुतेकदा नेपथ्याखाली झाकलं जातं. मला हे खटकतं, पण तिला ते आधीच माहीत असलेलं बरं.

पोटाचं खरं सांगते. आपल्याकडच्या हौशी नाटकात सामानाचा खर्च निघाला तरी पुष्कळ. पैसा मिळतो तो मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांत, मालिका-सिनेमांच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये, प्रदर्शनं आणि देखाव्यांच्या कामांत. तोही महिन्याच्या पगारासारखा नाही. एक काम संपलं की दुसरं मिळेपर्यंत थांबावं लागतं. पदवीनंतरची दोन-तीन वर्षं तुम्हाला तिला हात द्यावा लागेल, ही तयारी असेल तरच हो म्हणा. मध्येच हात काढून घेणं फार वाईट. बीएफए असलं की जाहिरात आणि डिझाइनची कामंही करता येतात, तेवढा आधार आहे.

तालमींची काळजी रास्त आहे. सामान बनवायचं काम दिवसाच होतं, पण प्रयोगाआधीचे आठ दिवस उशीर होतोच. संस्थेत आणखी मुली आहेत का, परतायची सोय काय, हे आधी विचारा. एका तालमीला स्वतः जाऊन बसा. तुम्ही आलेल्या पाहून जी मंडळी अवघडतील, तिथं तिला पाठवू नका.

बोर्डाचा अभ्यास मात्र सुटू द्यायचा नाही. परीक्षा झाली की तिला एकच काम सांगा : रिकामी घागर अशी बनव आणि मैत्रिणीकडून अशी उचलून घे, की ती भरलेली वाटावी. प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि चुकलेलं सगळं एका वहीत नोंदवू दे. पुढं कुठंही काम मागायला गेली की मार्कशीटआधी ही वही पाहतील.

आणि ते जातं माळ्यावर फेकू नका. लगद्यात खळ असेल तर उंदीर-झुरळं लागतील. पूर्वी कागदाच्या टोपल्या करताना लगद्यात मेथ्या वाटून घालायच्या, त्यानं कीड लागत नाही म्हणत. किती घालायच्या, ते सासूबाईंना माहीत असेल. तिला त्यांच्याजवळ बसून विचारू दे.