पहिला अल्बम तुफान चालला, दुसरा सणकून आपटला, तरी तो ऐकायलाच हवा असे पॉप कलाकार कोणते?

तुम्ही चारपाच नावं मागितली आहेत. मी मनापासून एकच देतो, बाकीची जाता जाता. अमेरिकन गायक टेरेन्स ट्रेंट डार्बी, त्याचा दुसरा अल्बम 'नीदर फिश नॉर फ्लेश', ऑक्टोबर १९८९.

आज हे नाव घेतलं की पन्नाशीच्या आतले लोक कोरा चेहरा करतात, म्हणून हा माणूस किती उंचीवरून पडला ते आधी सांगतो. जन्म न्यू यॉर्कचा, वाढला फ्लोरिडात, घरात चर्च आणि चर्चमधलं गाणं. तरुणपणी बॉक्सिंग केलं, मग अमेरिकन सैन्यात गेला आणि जर्मनीत नेमणूक झाली. तिथे 'द टच' नावाच्या बँडबरोबर गाऊ लागला, छावणीतून परवानगी न घेता गायब झाला, कोर्ट मार्शल झालं आणि १९८३मध्ये सैन्यातून सुटला. पुढे लंडन, सीबीएस या रेकॉर्ड कंपनीचा करार आणि जुलै १९८७मध्ये पहिला अल्बम. त्याचं नावच 'इंट्रोड्यूसिंग द हार्डलाइन अकॉर्डिंग टू टेरेन्स ट्रेंट डार्बी' इतकं लांब, यावरून स्वारीचा स्वभाव कळावा. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'विशिंग वेल' मे १९८८मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, 'साइन युअर नेम' ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या. १९८९मध्ये ग्रॅमीही मिळालं. प्रिन्स आणि मायकल जॅक्सन यांच्या रांगेत त्याला बसवायची घाई तेव्हा सगळ्यांनाच झाली होती आणि त्या घाईत तो स्वतः सर्वांत पुढे होता. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नंतरचा सर्वांत महत्त्वाचा अल्बम आपला आहे, असं त्याने पत्रकारांना सांगून टाकलं होतं.

हे वाक्य त्याला भोवलं. पहिला अल्बम खपत होता तोवर त्याची फुशारकी बातमीदारांना हवीच होती, कारण तिच्यावर अंक खपत होते. दुसरा आला तेव्हा तेच लोक दबा धरून बसलेले होते.

दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये बाराव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत एकसष्टाव्या. नवख्या गायकाने या आकड्यांवर पेढे वाटले असते. पण ज्याचा आधीचा अल्बम लाखांनी खपलाय त्याच्यासाठी हा अपघातच. त्यातून आलेल्या सिंगल्सपैकी, म्हणजे सुट्या काढलेल्या गाण्यांपैकी, एकही ब्रिटनच्या पहिल्या चाळिसात पोचलं नाही. रेकॉर्डच्या धंद्यात दुकानदार न खपलेला माल कंपनीला परत पाठवू शकायचे. परत आलेल्या मालाचा कव्हरचा कोपरा कापून किंवा त्याला खाच पाडून तो मातीमोल भावात विकायला काढत, म्हणजे पुन्हा कुणी पूर्ण किमतीचा दावा करू नये. अशा मालाला 'कट-आउट' म्हणतात. माझ्याकडची सीडी मावसभावाने न्यू जर्सीहून आणली होती, तिच्या डबीलाही अशीच खाच आहे. त्याने ती केवळ स्वस्त मिळाली म्हणून उचलली होती आणि एकदाच ऐकून मला देऊन टाकली.

आता गाण्यांकडे.

पहिल्या अल्बमचा बराचसा भाग मार्टिन वेअर या कसलेल्या निर्मात्याने सांभाळला होता. हा 'ह्यूमन लीग' आणि मग 'हेवन सेव्हन्टीन' या ब्रिटिश बँडमधला माणूस, त्यामुळे गाण्यांना एक चोख, रेडिओला मानवणारी बांधणी होती. दुसऱ्या वेळी डार्बीने निर्मिती स्वतःकडे घेतली आणि बरीच वाद्यंही स्वतःच वाजवली. सुरुवातच बघा. 'विशिंग वेल'सारखं काहीतरी येईल म्हणून माणूस पैसे मोजून घरी येतो, आणि सुरू होतं 'डिक्लरेशन', जे धड गाणंसुद्धा नाही, एक प्रकारचा जाहीरनामा. त्यानंतरचं 'आय हॅव फेथ इन दीज डेसोलेट टाइम्स' आधी नुसतं रेंगाळतं, आवाज जणू रिकाम्या दालनातून येतोय असा, आणि मग अचानक ताल धरतं. तो क्षण दणकेबाज आहे, पण तिथवर थांबायची तयारी हवी. रेडिओवाल्यांकडे ती कधीच नसते.

'टु नो समवन डीपली इज टु नो समवन सॉफ्टली' हे या अल्बमचं सोनं. संथ, मखमली, साठसत्तरच्या दशकांतल्या सोल संगीताच्या वळणाचं. डार्बीच्या आवाजात एक खरखर आहे, सोल गायक ओटिस रेडिंगची आठवण करून देणारी, आणि एरवी तो ती मिरवतो. इथे मात्र ती आवरून धरली आहे. पहिल्या अल्बममध्ये 'साइन युअर नेम' आवडलं असेल त्याला हे आवडायलाच हवं, असं माझं मत आहे. ते त्या वेळी का चाललं नाही याचं उत्तर मला गाण्यात सापडत नाही, गाण्याच्या भोवती सापडतं. तोवर लोकांचा त्याच्यावरचा जीव उडाला होता.

'आय'ल बी ऑलराइट'मध्ये तो चर्चच्या घरात वाढल्याचं ऐकू येतं. 'धिस साइड ऑफ लव्ह'मध्ये गिटार पुढे. आणि 'बिली डोंट फॉल'. यात गाणारा आपल्या बिली नावाच्या मित्राला सांगतोय की माझ्या प्रेमात पडू नकोस, मी त्यातला नाही, पण गरज पडली तर तुझ्या बाजूने उभा राहीन. काळ लक्षात घ्या. एड्सची भीती शिगेला होती, समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारं कलम २८ ब्रिटनमध्ये १९८८मध्येच लागू झालं होतं. तेव्हा मुलींच्या भिंतींवर ज्याची पोस्टरं आहेत असा गायक हे गातो, तेही हलक्याफुलक्या, जवळजवळ खेळकर चालीवर. आजच्या कानांना त्यातला 'मी त्यातला नाही' हा खुलासा थोडा खटकेल. मलाही खटकतो. पण तेव्हाचे किती पुरुष पॉप गायक या विषयाच्या जवळपास तरी फिरकत होते?

अल्बम निर्दोष आहे असं कुणाला वाटू नये. 'रोली पोली' हे गाणं कुणीतरी त्याला प्रेमाने सांगून गाळायला लावायला हवं होतं. मुखपृष्ठावरचं उपशीर्षक प्रेम, श्रद्धा, आशा आणि विनाश यांचं पार्श्वसंगीत अशा थाटाचं, ते वाचून हसू येतं. मधे मधे बाबा प्रवचनाला बसतो. त्याला 'नाही' म्हणणारा माणूस खोलीत नव्हता हे जागोजागी जाणवतं. तरीही मला हा अल्बम पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, कारण पहिल्यात तो स्वतःला विकतोय आणि यात शोधतोय.

दुसरा अल्बम का पडतो याचं एक ठरलेलं उत्तर दिलं जातं: पहिल्यासाठी गाणी साठवायला अख्खं आयुष्य मिळतं, दुसऱ्यासाठी दौऱ्यांच्या मधले काही महिने, म्हणून दुसऱ्यात माल कमी पडतो. पुष्कळांच्या बाबतीत ते खरं असेल. डार्बीचं उलट झालं. त्याच्याकडे कल्पना कमी नव्हत्या, उतू जात होत्या, आणि एकट्याने त्या सावरण्याचा हट्ट होता. कंपनीला 'विशिंग वेल' पुन्हा हवं होतं. अशा वेळी कंपनी अल्बम बाजारात सोडते खरी, पण त्याच्यामागे धावत नाही.

पुढे १९९३मध्ये 'सिंफनी ऑर डॅम' आला, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातली चार गाणी पहिल्या विसात पोचली. म्हणजे माणूस संपला नव्हता. २००१मध्ये मात्र त्याने कायदेशीररीत्या नावच बदललं. आता तो सानंद मैत्रेय आहे, इटलीत मिलानला राहतो आणि आपले अल्बम स्वतःच काढतो. जुनं नाव गाडून टाकल्यासारखं बोलतो, त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी शोधा. आणि कृपा करून शफल बंद ठेवा. एकेकटी उचलली तर यातली अर्धी गाणी अर्धवट वाटतात.

आता बाकीची नावं. वीझर या रॉक बँडचा 'पिंकर्टन' (१९९६) आणि बीस्टी बॉइज या रॅप गटाचा 'पॉल्स बुटीक' (१९८९) तुम्हाला कुणीतरी सांगेलच. दोन्ही दुसरे अल्बम, दोन्ही आधीच्या मानाने पडले. पण त्यांचं इतकं कौतुक नंतर झालंय की त्यांना आता दुर्लक्षित म्हणणं म्हणजे ढोंग आहे. ऐका जरूर, फक्त मी काहीतरी शोधून काढलं असा आव आणू नका.

अमेरिकन गायिका केलिसचा 'वाँडरलँड' (Wanderland, २००१) मात्र खरंच अन्याय झालेला. पहिल्या अल्बममधलं 'कॉट आउट देअर' ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं होतं. दुसरा फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो, म्हणजे 'नेप्च्यून्स' ही निर्मात्यांची जोडी, यांच्याबरोबर केला आणि तो तिच्या स्वतःच्या देशात कंपनीने बाहेरच काढला नाही. युरोपात आला, ब्रिटनमध्ये अठ्ठ्याहत्तराव्या क्रमांकावर अडकला. अमेरिकेत तो अधिकृतपणे ऐकायला मिळाला २०१९मध्ये, तोही डिजिटल. गंमत म्हणजे त्याच जोडगोळीने केलेलं 'मिल्कशेक' २००३मध्ये आलं आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. 'यंग, फ्रेश अँड न्यू'पासून सुरुवात करा. ते तेव्हा लोकांना विचित्र वाटलं, कारण त्यातला कर्कश कीबोर्ड नाचाच्या गाण्याला शोभत नव्हता. आज रोज तसलं काहीतरी कानावर पडतं.

आपल्याकडचं विचाराल तर दिल्लीच्या सिल्क रूट बँडचा 'पहचान' (२०००). 'बूंदें' (१९९८) मधलं 'डूबा डूबा' कॉलेजात प्रत्येक गिटारवाल्याला येत होतं, 'पहचान'मधलं एखादं गाणं कुणी म्हणून दाखवलं तर मी त्याला चहा पाजेन. तोवर हिंदी पॉपची हवा ओसरू लागली होती आणि वाहिन्यांवर सिनेमाच्या गाण्यांनी जागा परत घेतली होती. बँड विरून गेला. त्याचा गायक मोहित चौहान, त्याचा तो पहाडी, सावकाश आवाज बहुतेकांना पुन्हा भेटला तो थेट 'रंग दे बसंती' (२००६) आणि 'जब वी मेट' (२००७) मध्ये, आणि कित्येकांना तो नवा गायक वाटला.