मनातलं, माणसातलं: ‘प्रार्थनेला शब्दच उरले नाहीत’

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. माझा एकोणीस वर्षांचा मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. मी अंगणवाडीत काम करते. कामावर जाते, घरी येते, पण आत काही उरलं नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द येत नाहीत. रविवारी चर्चमध्ये सगळे गायला लागले की मी उठून बाहेर येते. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, ‘ख्रिस्ती माणसानं असं खचायचं नसतं, तुझा विश्वास कमी पडतोय.’ कधीकधी वाटतं, सकाळ उजाडूच नये. माझा विश्वास खरंच संपला का?
– एक आई, श्रीरामपूर तालुका

उत्तर: ताई, जय ख्रिस्त.

आधी त्या सकाळीबद्दल बोलू. उजाडूच नये असं वाटतं ते येऊन जातं, की जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं इथपर्यंत जातं? पत्रावरून मला कळत नाही, म्हणून सरळ विचारते. तसं असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ या नंबरवर फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्याही घ्या. मी बत्तीस वर्षं मिशन हॉस्पिटलात नर्स होते. गोळी घेतल्यानं कोणाचा विश्वास कमी झालेला मी पाहिला नाही.

आता तुमचा प्रश्न. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढा. सुरुवातीला देवाला ‘माझा उद्धार करणारा’ म्हणून हाक मारली आहे आणि पुढे सगळी तक्रारच आहे. रात्रंदिवस ओरडतोय, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तूच माझ्यापासून दूर केलीस. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारावरच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. याचा विश्वास कमी पडला म्हणून कोणी ते पान फाडून टाकलं नाही. तुमच्याकडे शब्द नाहीत ना? मग हे घ्या, मोठ्यानं वाचा. ती प्रार्थनाच आहे.

आणि त्या बाईंना राग न धरता एवढं विचारा, मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू का रडला? थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला रडताना पाहून तो रडला.

पण मला खरं सांगायचं आहे ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं. कफर्णहूम गावात येशू ज्या घरात बोलत होता तिथं इतकी गर्दी, की दाराशीसुद्धा जागा नाही. चौघांनी एका पक्षघाती माणसाला उचलून आणलं, वर चढून छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात वाढलेल्याला हे लगेच डोळ्यांपुढे येतं, खालच्यांच्या डोक्यावर माती पडली असेल. पुढची ओळ नीट वाचा: येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. त्या चौघांचा. बाजेवरच्या माणसानं तोवर एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. तो नुसता पडून होता.

ताई, तुम्ही सध्या बाजेवर आहात. तुमचा विश्वास संपला की नाही, हे बाजेवर पडून मोजत बसू नका.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९१ साली माझी सहा वर्षांची लेक तापानं गेली. रोज दुसऱ्यांच्या लेकरांना सलाईन लावणारी मी, माझंच लेकरू मला राखता आलं नाही. मी बायबल ट्रंकेत ठेवून दिलं. आमच्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, रोज साडेचारला यायच्या. उपदेश करायच्या नाहीत. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसायच्या, चहा करायच्या, मी प्याले की नाही ते बघायच्या. निघताना एकट्याच प्रभूची प्रार्थना म्हणायच्या. मी भिंतीकडे तोंड करून बसायची. असे सहा-सात महिने गेले. एके दिवशी त्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ इथवर आल्या आणि माझे ओठ हलले. तेवढीच ओळ. पुढचं त्याच म्हणाल्या. त्या दिवशी दुःख कमी झालं नाही, पण रात्री मी बऱ्याच दिवसांनी भाकरी केली.

आशा म्हणजे काहीतरी मोठं, एकदम उजेड पडल्यासारखं असेल असं मला वाटायचं. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. तो झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूतानं निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं पुढं केलं. तो जेवला आणि परत झोपला. दूतानं त्याला दुसऱ्यांदा उठवलं, तेही खाण्यासाठीच. देवाचं बोलणं फार नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देऊन ‘बघा, त्या कशा उभ्या राहिल्या’ असं तुम्हाला कोणी ऐकवलं असेल, तर मनाला लावून घेऊ नका. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा. पण केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांच्याभोवती शेकडो मुलीबाया होत्या. बाज उचलणारे हात त्यांनाही होते.

म्हणून तुमचे चौघं शोधा. एकजण मंडळीतला असू दे, पाळकसाहेब किंवा महिला मंडळातली न बोलता बसू शकणारी एखादी. अंगणवाडीतल्या मदतनीस ताई असतील, त्या ख्रिस्ती असायलाच हव्यात असं नाही. गाणं सुरू झालं की बाहेर यावंसं वाटतं, तर या. मात्र एकीला आधी सांगून ठेवा, ‘मी बाहेर आले की तूही ये.’ दोघी ओट्यावर बसा. आतलं गाणं तुमच्या वाटचंही गायलं जातंय.

एक राहिलं. तुम्ही पत्रात मुलाचं नाव लिहिलं नाही. नाव लिहिताना हात थांबतो, मला माहीत आहे. जमेल तेव्हा लिहून पाठवा. इथं छापणार नाही. मला त्याचं नाव घेऊन तुमच्यासाठी प्रार्थना करायची आहे.