तीन नावांचा एकच माणूस

प्रश्न : मंगळवार पेठेतील आमचे बारा जणांचे वाचनमंडळ दर रविवारी टॉलस्टॉय यांची 'युद्ध आणि शांती' वाचते, परंतु पात्रांच्या नावांच्या गोंधळाने निम्मे सभासद गळाले आहेत. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रशियन नावात मधले नाव वडिलांवरून येते, हे ध्यानात आले की बराच गुंता सुटतो. प्योत्र किरिलोविच म्हणजे किरिलचा मुलगा प्योत्र, आणि तोच सर्वांचा पिएर. आपल्या गल्लीतला बाळू नाही का सातबाऱ्यावर दत्तात्रय निघत! बेझुखोव, रोस्तोव, बोल्कोन्स्की आणि कुरागिन या घराण्यांची वंशावळ पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून बैठकीत भिंतीला टेकवून ठेवावी. कादंबरीची ३६१ प्रकरणे बहुतांशी छोटी असल्याने रोज एक वाचले तरी ती वर्षात पुरी होते. उपसंहाराचा दुसरा भाग हा इतिहासावरील निबंधच आहे. तो ऐच्छिक ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. गळालेल्यांना मात्र १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईपाशी आवर्जून बोलवावे, कारण पांढरी टोपी घालून तोफांच्या माऱ्यात बावचळून फिरणारा पिएर त्यांनी चुकवू नये.