सामसो बेट खरंच कार्बन न्यूट्रल आहे की नुसती जाहिरात?

तुम्ही विचारलंय की डेन्मार्कचं हे एवढंसं बेट समुद्रातल्या पवनचक्क्यांवर सगळं भागवतं हे खरं का, आणि आपल्याकडे जमेल का. खरं आहे, पण हिशोब कसा मांडलाय ते बघायला लागतं.

मी डेन्मार्कमध्येच राहतो, बेट फिरून आलोय. 114 चौरस किमी, वस्ती साधारण पावणेचार हजार, मुख्य धंदा शेती, तिथला नवा बटाटा देशभर फेमस. 1997 ला सरकारने स्पर्धा काढली, कुठलं बेट दहा वर्षांत अपारंपरिक ऊर्जेवर जाऊन दाखवतं, त्यात सामसो जिंकलं. 2000 मध्ये जमिनीवर 11 पवनचक्क्या लागल्या, प्रत्येकी 1 मेगावॅट, विजेचा प्रश्न तिथेच मिटला. पण गाड्या, ट्रॅक्टर आणि फेरी बोटी डिझेल-पेट्रोलवरच, आणि तेव्हा इलेक्ट्रिक गाड्या होत्या कुठे! म्हणून 2003 पर्यंत बेटाच्या दक्षिणेला समुद्रात अजून 10 उभ्या केल्या, प्रत्येकी 2.3 मेगावॅटच्या. बेटाला लागून उरलेली वीज केबलने मुख्य भूमीवर जाते, तिथे तेवढा कोळसा-गॅस कमी जळतो, आणि तो वाचलेला धूर बेटाच्या डिझेल-पेट्रोलच्या धुरातून वजा करायचा. म्हणजे धूर निघतोच, वजाबाकीत शून्य होतो. याला कोणी चलाखी म्हणेल, मी म्हणणार नाही, कारण वीज खरीच तयार होते. हां, 2015 ला नवी फेरी आणली ती एलएनजीवर (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू), आता तोही खनिज गॅसच की, त्यामुळे 2030 पर्यंत खनिज इंधन पूर्ण बंद करायचं टार्गेट ठेवलंय ते मला जरा अवघडच वाटतं.

घरं गरम ठेवायचं काम मात्र बघण्यासारखं आहे. शेतातल्या गव्हाच्या काडाचे मोठमोठे गठ्ठे पट्ट्यावरून एकेक करत बॉयलरकडे सरकतात, त्यावर पाणी तापतं आणि ते जमिनीखालच्या पाइपातून गावभर घराघरात फिरतं. थंडीच्या देशात विजेपेक्षा हीटिंगचाच खर्च मोठा असतो, आणि आधी घरोघरी तेल जाळायचे.

आता खरा मुद्दा, मालकी कोणाची. समुद्रातल्या 10 पैकी 5 पालिकेच्या, 3 खाजगी गुंतवणूकदारांच्या, यात शेतकरी पण आले, आणि 2 छोट्या शेअरहोल्डरांच्या, म्हणजे गावातल्या कोणालाही शेअर घेता आला. सोरेन हर्मनसेन नावाचा तिथलाच मास्तर यामागे होता, तो सुरुवातीची काही वर्षं गावोगाव मीटिंगा घेत फिरला. शिवाय जमिनीवरच्या चक्क्यांच्या विजेला दहा वर्षं ठरलेला दर मिळणार होता, म्हणून बँका कर्ज द्यायला तयार झाल्या, नुसत्या पर्यावरणप्रेमावर कोण कर्ज देतं? आणि ज्याचा शेअर आहे तो चक्कीच्या आवाजाची तक्रार घेऊन येत नाही.

आपल्याकडे साताऱ्याला चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर कितीतरी पवनचक्क्या आहेत, त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या कंपन्यांनी घसाऱ्यात (चक्कीची घटती किंमत खर्चात दाखवून) टॅक्स वाचतो म्हणून लावल्या, गावाचा त्यात वाटा कुठे? समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी केंद्राने 2024 ला गुजरात आणि तामिळनाडू निवडलेत, कारण वारा तिथे जास्त, त्यामुळे कोकणचा नंबर लवकर लागेल असं वाटत नाही. आणि मुंबईजवळच्या घारापुरी बेटाचं म्हणाल तर तिथे समुद्राखालून केबल टाकून ग्रिडची वीजच 2018 ला पोचली.