रिमेक, धाकधूक आणि रुखरुख

प्रश्न असा आला आहे : “आवडत्या जुन्या मालिकेचा रिमेक येतोय असं कळलं की जे काही वाटतं, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘संमिश्र भावना’ फार भाषांतरित वाटतं. आणि रिमेकला ‘पुनर्निर्मिती’ चालेल का?”

आधी ‘संमिश्र’चं बघू. शब्द चुकीचा नाही, पण तो बातमीतला आहे, बोलण्यातला नाही. शिवाय ‘मालिकेला संमिश्र प्रतिसाद’ म्हटलं की काहींना आवडली, काहींना नाही, असा अर्थ निघतो. इथे भानगड एकाच माणसाच्या मनातली आहे. ‘द्विधा मनःस्थिती’ही नीट बसत नाही, कारण तिथे काहीतरी ठरायचं बाकी असतं. चाहत्याचं तर ठरलेलं असतं. नावं ठेवायला का होईना, पहिला भाग तो बघणारच.

माझं मत ‘धाकधूक’ला. उच्चारातच छातीतले ठोके ऐकू येतात आणि शब्दात आशा व भीती दोन्ही आहेत. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याच्याबद्दल कुणाला धाकधूक वाटत नाही. निकालाच्या आदल्या रात्री अभ्यास केलेल्यालाच ती असते. मात्र हा शब्द मालिका सुरू होईपर्यंतचा. बघून झाल्यावर उरते ती ‘रुखरुख’. ‘हिरमोड’ म्हटलं तर सरळ निराशा झाली. रुखरुख लावणारी मालिका वाईट असावीच लागत नाही. चांगली असते, बघवते, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ ही म्हणही अशा वेळी कुणीतरी काढतंच. पण ती चाहत्याची नव्हे, निर्मात्याची अवस्था. जसंच्या तसं केलं तर ‘नुसती नक्कल’, बदललं तर ‘वाट लावली’. ‘हवाई फाइव्ह-ओ’ ही अमेरिकी पोलिसी मालिका (1968 ते 1980) 2010 मध्ये नव्याने आली तेव्हा तिचं गाजलेलं शीर्षकसंगीत आधी आधुनिक करून पाहिलं गेलं. ते लोकांना रुचलं नाही, मग मूळ थाटात, वाद्यवृंद घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रण झालं. नावातही एक गंमत आहे : जुन्या नावात इंग्रजी अक्षर ‘ओ’ होतं, नव्यात त्या जागी शून्य आकडा घातला. ऐकायला दोन्ही सारखीच.

आता ‘पुनर्निर्मिती’. (‘पुननिर्मिती’ नव्हे, तो रफार फार वेळा गळतो.) चालेल, पण सगळीकडे नाही. आपण ‘रिमेक’ या एकाच पोत्यात तीन-चार वेगळ्या वस्तू कोंबतो आणि मग भांडतो.

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका 1963 मध्ये सुरू झाली, 1989 मध्ये थांबली आणि 2005 मध्ये परतली. गोष्ट तीच, पुढे चालू. हा रिमेक नाहीच, हे ‘पुनरागमन’. शिवाय नायकाची काया बदलते आणि नवा नट येतो, ही सोय कथेतच 1966 पासून आहे. त्यामुळे नव्या नटाबद्दल कुरकुर झाली तरी ‘हा तो नव्हेच’ असं म्हणायला चाहत्याला जागा उरत नाही.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचं वेगळं. 1978 च्या मालिकेचा सांगाडा घेऊन 2003 मध्ये गोष्ट मुळापासून नव्याने रचली गेली. स्टारबक हा पुरुष वैमानिक बाई झाला. याला इंग्रजीत रीबूट म्हणतात. मराठीत ‘पुनर्मांडणी’ म्हणावं. जुन्या मालिकेतला नायक रिचर्ड हॅच याला ती जुनीच गोष्ट पुढे न्यायची होती, त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं खटपट केली. नव्या मांडणीला त्याचा सुरुवातीला विरोध होता. पुढे त्यानेच तिच्यात टॉम झॅरेकची भूमिका केली. त्याला हवं होतं ‘पुनरागमन’, मिळाली ‘पुनर्मांडणी’. दोन शब्द वेगळे ठेवले की त्याची तक्रार नेमकी कळते.

आणि 2013 च्या ‘महाभारत’ला रिमेक म्हणावं का? मला पटत नाही. 1988 ची मालिका जशी मूळ ग्रंथावर बेतलेली, तशीच ही. तरी लोक रिमेक म्हणतात, कारण त्यांच्या कानात ‘मैं समय हूँ’ म्हणणारा हरीश भिमाणींचा आवाज बसलाय आणि ग्रंथाआधी तो आठवतो.

गोष्ट तीच, माणसं वेगळी, अशा सरळ रिमेकसाठी आपल्या रंगभूमीकडे तयार शब्द आहे : ‘नव्या संचात’. जाहिरातीत तो अजून छापतात. ‘संगीत सौभद्र’ 1882 पासून किती संचांनी केलं असेल! नव्या कृष्णाची जुन्याशी तुलना होते, वाद होतात, पण नवा कृष्ण आलाच का, असं कुणी विचारत नाही. नाटकाची संहिता वेगळी आणि प्रयोग वेगळा, हे प्रेक्षकाने आधीच मान्य केलेलं असतं. मालिकेला अशी सुटी संहिता प्रेक्षकापुरती नसतेच. लिखाण, चेहरा, आवाज, संगीत सगळं एकदाच चित्रित होऊन गोठतं, आणि पुनःप्रक्षेपणात हुबेहूब तेच परत दिसतं. म्हणून ‘नव्या संचात’ हा शब्द मालिकेला लावला तर अर्थ बरोबर येतो, पण त्यातला खेळकरपणा येत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट, प्रश्नात नसलेली. रिमेक आला की मूळ मालिकेला विशेषण चिकटतं. 2008 पर्यंत नुसतं ‘टीव्हीवरचं रामायण’ म्हटलं तरी 1987 चं, रामानंद सागरांचं, हे सांगावं लागत नसे. त्या वर्षी नवं आलं आणि पहिलं ‘जुनं’ झालं. चाहत्याला ‘जुनं’ खटकतं. तो ‘मूळ’ म्हणतो, भांडणात थेट ‘खरं’. ‘सागरांचं’ म्हणूनही भागत नाही, कारण 2008 चंही त्यांच्याच घराण्याच्या संस्थेचं. मग लोक म्हणतात, ‘अरुण गोविलचं रामायण’. 2020 च्या मार्चमध्ये दूरदर्शनने तेच परत लावलं तेव्हा कुणीही ‘कुठलं?’ म्हणून विचारलं नाही.

थोडक्यात, लिहिताना नुसतं ‘रिमेक’ लिहायला हरकत नाही, तो आता मराठीच झालाय. ‘पुनर्निर्मिती’ सरळ रिमेकसाठी ठेवा. आणि ‘संमिश्र भावना’ खोडून आधी धाकधूक, नंतर रुखरुख.