नुसत्या हॉर्सपॉवरवर जाऊ नकोस

मित्रा, ताकद सारखी म्हणजे गाडीही सारखीच चालणार, असं धरून चालू नकोस. टोयोटा जीआर ८६ आणि सुबारू बीआरझेड या दोन स्पोर्ट्स कार बघ. २०२२ च्या अमेरिकन मॉडेलमध्ये दोन्हींना तेच २.४ लिटरचं बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचं) इंजिन, तेच २२८ हॉर्सपॉवर. पण सुबारूच्या पुढच्या स्प्रिंगा टोयोटापेक्षा कडक, मागच्या मऊ. म्हणून वळणात टोयोटाची मागची चाकं लवकर घसरतात, सुबारू जमिनीला धरून राहते. नवख्या हाताला मी सुबारूच सुचवेन. आणि टायर बघितल्याशिवाय मत बनवू नकोस! त्या २०२२ च्या मॉडेलमध्ये दोन्हींच्या साध्या आवृत्तीला १७ इंची मिशलिन प्रायमसी टायर होते, वरच्या आवृत्तीला मिशलिनचेच १८ इंची पायलट स्पोर्ट ४. पकडीत खूप फरक पडतो. दोन्ही गाड्या सारख्याच टायरांवर, एकाच रस्त्यावर चालवून बघ.